लाल शाईतलं नाव

मालसूनबाईंना कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की त्या "भांडते" असं उत्तर देत. नॉटिंगहॅमच्या आमच्या गल्लीत हा प्रश्न हवेच्या चौकशीइतकाच निरुपद्रवी समजला जातो. त्यामुळे विचारणारा कसनुसं हसे आणि आपला कचऱ्याचा बिन ओढत घाईघाईनं घरात जाई. मी विचारलं तेव्हा त्यांना शेजारी राहायला येऊन आठवडाच झाला होता. मी म्हटलं, "फुल टाइम?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सकाळी नऊ ते एक," त्या म्हणाल्या. "दुपारी फक्त गरज पडली तर."

बोलणं अर्थात इंग्रजीतून. त्यांच्या इंग्रजीत शब्द मोजके होते आणि त्यातला एकही मऊ नव्हता. इथे मी ते मराठीत देतोय, त्यात थोडी धार जाणारच. माझं आयुष्य इथल्या इस्पितळात लोकांना भूल देण्यात गेलं, धार लावण्याचं काम माझं कधीच नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही लोकांना झोपवता. माझ्या ओळखीचे बरेच लेखक तेच करतात."

त्या स्वतः लेखिका आहेत, हे आम्हाला चार-पाच महिन्यांनी कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नाही. एका शनिवारी एक तरुण कोरियन जोडपं बर्मिंगहॅमहून ट्रेननं आलं, आमच्या दारासमोर उभं राहिलं, कमरेत वाकलं आणि आमच्या घराचे फोटो काढायला लागलं. माझ्या बायकोला, वसुधाला, वाटलं की इस्टेट एजंटची माणसं आहेत. ती तावातावानं बाहेर गेली. मुलीच्या हातात एक जुनं पुस्तक होतं आणि डोळ्यांत पाणी. तिनं सांगितलं, की या घरात प्यो मालसून राहतात, त्यांच्या देशात शाळेत जाणारं प्रत्येक पोर त्यांचं लिखाण वाचतं, तिची आई तर वाचताना दर वेळी रडते. वसुधानं तिला शेजारचं घर दाखवलं. शेजारच्या दारावर पुठ्ठा लटकत होता, त्यावर इंग्रजीत आणि कोरियनमध्ये लिहिलं होतं, "मेलेली नाही. लिहितेय. एकनंतर या." ती दोघं सव्वाअकरापासून एकपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात पोहे खात बसली.

एक वाजता बाईंनी दार उघडलं, पुस्तकावर सही केली, आणि मुलीला विचारलं, "तुझी आई कुठल्या पानावर रडते?" मुलीनं सांगितलं, शेवटच्या. बाईंचा चेहरा एकदम बंद झाला. "सगळे तिथेच रडतात," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मला तेव्हा तो माज वाटला.

नावाची गोष्ट वसुधानं काढून घेतली. मालसून म्हणजे काय, असं तिनं सहज विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "शेवटची. तीन मुलींनंतर चौथी मुलगी झाली की आमच्याकडे असं नाव ठेवत, म्हणजे देवाला समजावं आता पुरे." वसुधा मूळची साताऱ्याकडची. तिनं हातातली पळी खाली ठेवली. "आमच्याकडे नकुशा म्हणतात," ती म्हणाली. "माझ्या आत्याचं नाव नकुशा होतं." मग बाईंनी विचारलं, आत्यानं नाव बदललं का? वसुधा म्हणाली, लग्नात बदललं, शकुंतला ठेवलं. "मी नाही बदललं," बाई म्हणाल्या. पहिलं पुस्तक छापताना प्रकाशक हात जोडून म्हणाला होता, की या नावाची लेखिका कोण वाचणार, एखादं सुंदर टोपणनाव घ्या. बाई म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं, नाव ज्यांनी ठेवलं त्यांना लाज वाटू दे. मला कशाला?" त्या दिवसापासून वसुधा त्यांच्या पार्टीत गेली आणि मी विरोधी बाकावर एकटा उरलो.

त्यांचे यजमान डेरेक इथलेच. लेस विणणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. तरुणपणी यंत्रं बसवायला कोरियात गेले आणि येताना बाईंना घेऊन आले, किंवा बाई त्यांना घेऊन आल्या. ते गेल्यावर त्या मोठं घर विकून आमच्या शेजारी आल्या. परत का गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं. "तिकडे मी पुतळा आहे," त्या म्हणाल्या. "इथे कौन्सिल मला रिसायकलिंगवरून नोटीस पाठवतं. लिहायला हे बरं."

लिहीत त्या पेन्सिलीनं, चौकटी आखलेल्या कागदावर. एका कागदावर दोनशे चौकटी, एका चौकटीत एक अक्षर. कोरियातली जुनी पद्धत. कागद संपत आले की तिकडून पार्सल यायचं आणि ते आमच्याकडे पडायचं, कारण एकच्या आत त्या पोस्टमनलाही दार उघडत नसत. चुकलेलं अक्षर खोडायचं आणि त्याच चौकटीत दुसरं बसवायचं. कागद फाडायचा नाही. त्यांच्या तरुणपणी तिकडे सरकारी सेन्सॉर होता. एका कथेतल्या अकरा ओळी त्यानं निळ्या पेन्सिलीनं उडवल्या आणि सांगितलं, मागचंपुढचं जोडून घ्या, वाचणाऱ्याला कळता कामा नये. बाईंनी जोडून घेतलं नाही. मासिकाच्या संपादकाशी भांडून त्यांनी ती कथा तशीच छापायला लावली, मधे अकरा ओळींची मोकळी जागा ठेवून. लोकांनी त्या जागेत काय काय वाचलं! "मी लिहिलं होतं त्यापेक्षा पुष्कळ वाईट," त्या सांगत, आणि ही एकच गोष्ट सांगताना खुदकन हसत.

"हू सेज?" हा त्यांचा आवडता प्रश्न. कोण म्हणतं? जीपीनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, मीठ कमी करा म्हटलं, कोण म्हणतं. आमच्या अलॉटमेंटचा सेक्रेटरी, म्हणजे कौन्सिलनं भाजीपाल्यासाठी भाड्यानं दिलेल्या त्या पट्ट्यांचा कारभारी, एकदा सांगायला आला की जमिनीत मातीचे रांजण पुरणं नियमात बसत नाही. बाईंचा पट्टा आमच्या मेथी-कोथिंबिरीच्या शेजारीच होता. त्यांनी त्याला नियमांची वही आणायला लावली, भर पावसात पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लावली, आणि रांजण हा शब्द कुठेच न आल्यावर त्याच्या हातात त्या रांजणांत मुरवलेल्या किमचीची, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याची, बरणी देऊन घरी पाठवलं. पुढच्या वर्षी तो स्वतःहून रिकामी बरणी घेऊन आला.

तर अशा बाईंचा सत्कार करायचं आमच्या मराठी मंडळानं ठरवलं. कल्पना वसुधाची. दिवाळीच्या कार्यक्रमाला दर वर्षी कुठला तरी काउन्सिलर पाहुणा असतो आणि तो दर वर्षी समोशांची स्तुती करतो. या वेळी आपल्या शहरात राहणारी जगप्रसिद्ध लेखिका आणू, असं वसुधानं कमिटीत मांडलं. अध्यक्ष म्हणाले, "चालेल, पण डिनर सातला सर्व्ह होणार, स्पीच मॅक्सिमम दहा मिनिटं." मानपत्र वसुधानं स्वतः लिहिलं. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे, आणि त्याचा तिला रास्त अभिमान आहे. इंग्रजी मजकूर काळ्या शाईत लिहिला. मधोमध बाईंचं नाव मात्र मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत आणि खाली कोरियनमध्ये, लाल शाईत. कोरियन अक्षरं तिनं आठवडाभर गिरवली होती. आपल्याकडे मंगल काही लिहायचं तर लालच. पत्रिकेवरचं श्री लाल, वहीच्या पहिल्या पानावरचं लाल. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं आमच्या स्वप्नातही आलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं. शाल घातली, बाईंनी ती छान लपेटून घेतली. नारळ दिला, तो त्यांनी हलवून कानाशी धरून पाहिला, सगळे हसले. मग मानपत्र हातात आलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. भूलतज्ज्ञाची नजर असते, मला वाटलं आता या पडतात, मी उठलोसुद्धा. त्यांनी हात पुढे केला आणि अध्यक्षांच्या खिशातलं पेन घेतलं. माइकच्या स्टँडला मानपत्र टेकवलं. आपलं नाव, दोन्ही लिप्यांतलं, त्यांनी काळ्या रेघांनी पूर्ण झाकून टाकलं, आणि त्याच्याखाली स्वतःच्या हातानं काळ्या शाईत पुन्हा लिहिलं. मग माइकमध्ये एवढंच म्हणाल्या, "थँक यू. आता मी घरी जाते." आणि शालीसकट गेल्या. नारळ खुर्चीवर राहिला.

हॉलमध्ये जो गलका झाला, तो डिनरनंही शांत झाला नाही. "हाऊ रूड!" "एवढा कसला अ‍ॅटिट्यूड?" "वसुधाताई, तुम्ही गॅरंटी घेतली होती." कारमध्ये बसल्यावर वसुधाचा बांध फुटला. "अहो, आठवडाभर गिरवलं हो मी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला बाईंचा भयंकर राग आला. शेजारधर्म वगैरे सगळं बाजूला ठेवून सकाळी जाऊन त्यांना सुनवायचं, असं मी ठरवलं.

सकाळी त्याच आल्या. साडेनऊला. त्यांच्या लिहिण्याच्या वेळात त्या दाराबाहेर आल्या, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. हातात शाल घडी केलेली. वसुधानं दार उघडलं आणि बाजूला झाली. बाई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव लाल शाईत लिहीत नाहीत. लाल शाईत मेलेल्याचं लिहितात."

वसुधाचा हात तोंडावर गेला. "आय डिडन्ट नो," ती म्हणाली. "मालसून, आय स्वेअर, मला खरंच..."

"तुम्हाला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून मी आले. मला माहीत होतं, तरी मी लिहिलं होतं. ते सांगायला आले."

मग चहा निवेपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या त्या गाजलेल्या कादंबरीचं नाव 'डोळे बसवणारी मुलगी'. बाहुल्यांच्या कारखान्यात काचेचे डोळे बसवणारी एक पोरगी, धाकट्या बहिणीला शिकवण्यासाठी राबणारी. ती पोरगी म्हणजे बाईंची थोरली बहीण ग्योंगजा. नावसुद्धा पुस्तकात खरंच ठेवलेलं. दोघी एका भाड्याच्या खोलीत राहत. तिकडे थंडीत जमिनीखाली कोळसा पेटवून खोली गरम करत, आणि फरशीला तडा गेला की वायू आत येऊन झोपेत माणसं मरत. कादंबरीच्या शेवटी ग्योंगजा तशीच मरते, एकोणिसाव्या वर्षी, धाकटीच्या शाळेची फी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्याच पानावर सगळा देश रडतो. तोच शेवट शाळेच्या पुस्तकात आहे.

"आणि खरं काय झालं?" मी विचारलं.

"ती समोसे विकते," बाई म्हणाल्या. "म्हणजे आमचे मांडू. तसलेच. बाजारात दुकान आहे. मुलं आहेत, नातवंडं आहेत. तीस वर्षांहून जास्त झाली, पुस्तक निघाल्यापासून ती माझ्याशी बोललेली नाही. का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

वसुधा एरवी कुणाला सल्ला देत नाही, निदान मला सोडून. पण त्या दिवशी ती म्हणाली, "फोन करा."

"मी माफी मागणार नाही," बाई म्हणाल्या. "पुस्तक चांगलं आहे."

"माफीचं नंतर बघू. फोन करा."

कोरियात तेव्हा संध्याकाळ होती. बाईंनी आमच्याच स्वयंपाकघरातून फोन लावला, बहुधा घरी गेल्यावर धीर होणार नाही म्हणून. बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं. बाईंनी फोन टेबलावर उलटा ठेवला. "मी म्हटलं, नॉटिंगहॅमला ये, तिकीट पाठवते. ती म्हणाली, मेलेली माणसं विमानात बसत नाहीत."

पण ती आली. नोव्हेंबरच्या मध्यावर, बाईंच्या तिकिटाशिवाय, स्वतःच्या खर्चानं, अर्धी सुटकेस मिरचीच्या पुडीनं भरून. लहानखुरी, कणखर, केस काळेभोर रंगवलेले. शहात्तर वर्षांची बाई विमानातून उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अलॉटमेंटवर बहिणीच्या कोबीचे गड्डे उपटत उभी राहिली. वसुधा आणि मी मेथीला जाळी लावायच्या निमित्तानं गेलो होतो. कोबीला मीठ लावण्यावरून त्यांचं सुरू झालं. भाषा कळत नव्हती, पण मीठ कमी पडल्याबद्दल थोरली बहीण काय बोलते हे कळायला भाषा लागत नाही. आमची मालसूनबाई, जिनं सेन्सॉरला आणि सेक्रेटरीला जुमानलं नाही, ती "हू सेज?" न म्हणता मुकाट्यानं पुन्हा मीठ चोळत होती. इंग्लंडमध्ये राहून मी हे एवढं एकच अद्भुत पाहिलं.

थंडी वाढली तसं वसुधानं दोघींना घरी आणलं. ती थोरलीला ऑन्नी म्हणायला लागली होती, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. आम्ही चौघं टेबलाशी बसलो. ऑन्नीला इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळे तिचं बोलणं आम्हाला समजावून सांगायचं काम बाईंकडे आलं. आणि ऑन्नीनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. परक्यांच्या घरी, परक्यांच्या देखत, बहिणीच्याच तोंडून बहिणीचा पंचनामा.

"ती म्हणतेय मी खोटारडी आहे," बाई म्हणाल्या. ऑन्नी पुढे बोलली. "ती म्हणतेय मी लहानपणापासून खोटारडी आहे." आणखी दोन वाक्यं. "ती म्हणतेय तुमचा चहा छान आहे, आलं घातलंय का?"

वसुधा म्हणाली, हो, आणि वेलची. बाईंनी ते सांगितलं. ऑन्नीनं मान डोलावली, कप खाली ठेवला आणि बराच वेळ सावकाश बोलत राहिली. बाई एकेक वाक्य उचलून आमच्यापुढे ठेवत होत्या, आवाजात काहीही न आणता. "ती म्हणतेय, दर वर्षी कॉलेजची मुलं जुन्या कारखान्याच्या फाटकाशी पांढरी शेवंती ठेवतात. आमच्याकडे ती मयताला वाहतात. ती बाजाराला जाताना तिथून जाते. एकदा एका मुलीनं तिला बाजूला व्हायला सांगितलं, फोटोत येत होती म्हणून. ती म्हणतेय, मी एकोणीस वर्षांची मेले तर त्यानंतर पन्नास वर्षं पहाटे उठून पीठ कुणी मळलं? तीन पोरं कुणी वाढवली? ती वर्षं कुणी खाल्ली?"

"मग तिला काय हवंय?" मी विचारलं.

बाईंनी विचारलं. उत्तर दोन शब्दांचं होतं. "शेवट बदल," बाई म्हणाल्या. आणि लगेच, कुणी काही म्हणायच्या आत, ताठ होऊन आधी कोरियनमध्ये आणि मग आमच्यासाठी इंग्रजीत म्हणाल्या, "नाही. मी सरकारसाठी अकरा ओळी बदलल्या नाहीत. बहिणीसाठीही नाही. पुस्तक एकदा झालं की झालं."

ऑन्नी रागावली नाही. तिनं बाईंच्या तोंडाकडे बोट केलं आणि हळू काहीतरी म्हणाली. तीन-चार वाक्यं असतील. बाईंनी सांगितलं नाही. आम्ही थांबलो. वसुधानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला, म्हणजे मी काही विचारू नये म्हणून.

शेवटी बाई बोलल्या. "वायू खरंच आला होता. पहाटे. तिला जाग आली. तिला उभंही राहता येत नव्हतं. तिनं मला केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं, बर्फात. मग परत आत रांगत गेली आणि मुळ्याच्या लोणच्याचं पाणी आणलं. गारढोण. वायू चढला की आमच्याकडे ते पाजतात. माझ्या तोंडात बोटं घालून दात उघडले आणि ओतलं. ती म्हणतेय, मरू दिलंस ते एक वेळ चालेल. ते पाणी पुस्तकात का नाही?"

पुस्तकात धाकटी बहीण खिडकीजवळ झोपलेली असते, म्हणून योगायोगानं वाचते. ते मी वाचलं होतं, इंग्रजी भाषांतरात, ट्रॅममध्ये बसून, आणि माझा स्टॉप चुकला होता. मीही रडलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा आठ वाजताच दारावर लागला. नवीन शेवट लिहायला त्यांना तीन आठवडे लागले. ऑन्नी तोवर आमच्याकडे येऊन वसुधाला मांडू शिकवत होती आणि पुरणपोळी शिकत होती. नवीन शेवटात ग्योंगजा बहिणीला बाहेर ओढते, पाणी पाजते, आणि सकाळी कामावर जाते. उशीर होतो, मुकादम ओरडतो, ती जागेवर बसून बाहुलीचा डावा डोळा बसवते, मग उजवा. संपलं.

लंडनचं मोठं प्रकाशन तेव्हा त्याच कादंबरीची नवी इंग्रजी आवृत्ती काढणार होतं. त्यांची संपादक, क्लेअर नावाची चांगली, तळमळीची बाई, ट्रेननं नॉटिंगहॅमला आली. बाईंनी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं होतं. क्लेअर म्हणाली, "मालसून, तो मृत्यू म्हणजेच हे पुस्तक आहे. तो काढलात तर उरतं काय?" बाई म्हणाल्या, "माझी बहीण उरते." क्लेअरनं आर्जवं केली, प्रस्तावनेत खुलासा द्या म्हणाली, नवा शेवट मागे पुरवणी म्हणून देऊ म्हणाली. कोरियातल्या प्रकाशकाचं तर सरळ पत्र आलं, की शाळेत लागलेला धडा असा कुणाच्या मर्जीनं बदलत नाही. "कोण म्हणतं?" बाईंनी उलट टपाली विचारलं. दोन्हीकडचे करार मोडले. तीस वर्षांची कीर्ती या बाईनं पेन्सिलीच्या टोकानं खोडली, आणि एकदाही हळहळली नाही.

मी मात्र हळहळलो. आणि मला राहवलं नाही. क्लेअर गेल्यावर मी म्हटलं, "बाई, रागावू नका, पण साहित्य म्हणून पहिलाच शेवट चांगला आहे."

"चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलाय. मेलेल्या मुलीसाठी रडायला सोपं जातं. रडून झालं की माणूस मोकळा." त्यांनी कागदाच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. "आता हिच्यासाठी काय करायचं ते करा म्हणावं."

घरी येऊन मी वसुधाला हे सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. "अहो, बाई जिवंत बसलीये आपल्या किचनमध्ये, आणि तुम्ही तिला कुठला शेवट शोभतो ते काय सांगताय?"

शेवटी लीड्सच्या एका छोट्या प्रकाशकानं पुस्तक काढायचं ठरवलं. दोन खोल्यांचं ऑफिस, तीन माणसं, पण त्यांनी एकही चौकट बदलली नाही. छापून होईपर्यंत वर्ष गेलं. तेवढ्यात बाईंनी घर विकायला काढलं. ऑन्नीच्या दुकानावर माडीची खोली रिकामी होती. "तिथे लोक मला आता शिव्या देतात," बाई खुशीत म्हणाल्या. "म्हणजे पुतळा पडला. आता जाता येईल." ऑन्नी त्यांना न्यायला पुन्हा आली, या वेळी रिकामी सुटकेस घेऊन.

प्रकाशन लीड्सच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर. बाईंचं विमान त्याच संध्याकाळी मँचेस्टरहून होतं, त्यामुळे दोघींच्या सुटकेसी दाराशीच उभ्या करून ठेवल्या होत्या. तीस घडीच्या खुर्च्या, वीस-बावीस माणसं. ऑन्नी पहिल्या रांगेत वसुधाशेजारी, नवा कोट घालून. बाईंनी नवा शेवट आधी कोरियनमध्ये वाचला, मग इंग्रजीत. टाळ्या पडल्या, पण जरा अवघडल्या. मग प्रश्न.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. पन्नाशीचे, सभ्य, बहुधा युनिव्हर्सिटीतले. हातात जुन्या आवृत्तीची प्रत, पानं दुमडलेली, कडेला टिपणं. आवाज खरोखर भरून आलेला. ते म्हणाले, की हे पुस्तक त्यांनी विशीत वाचलं, आई गेली त्या वर्षी. ग्योंगजाच्या मृत्यूनं त्यांना सावरलं होतं. वीस वर्षं ते हे पुस्तक मुलांना शिकवतायत. "तो शेवट इतका खरा होता," ते म्हणाले. "तुम्ही तो आमच्याकडून का काढून घेतलात?"

खोलीतल्या पुष्कळ माना हलल्या. माझीही हलली असेल. बाई उत्तर द्यायला उभ्या राहिल्या आणि तशाच थांबल्या. पुढे वाकून त्यांनी तो सगळा प्रश्न पहिल्या रांगेला कोरियनमध्ये सांगितला, शब्द न् शब्द, आईच्या मरणासकट. ऑन्नीनं नीट ऐकून घेतलं. ती सावकाश उठली, मागे वळली, आणि त्या गृहस्थांना शोधून त्यांच्या डोळ्यांत बघत काहीतरी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ही माझी बहीण ग्योंगजा," मालसूनबाई म्हणाल्या. "ती विचारतेय, मी मेले नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय का?"

ते गृहस्थ हळूच खाली बसले. मी मान खाली घातली, कारण उत्तर माझ्याकडेही मागितलं होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. मान वर केली तेव्हा दोघी आपापली सुटकेस ओढत लिफ्टकडे निघाल्या होत्या, आणि थोरली धाकटीला कशावरून तरी रागे भरत होती.